एक दात आला, शेजारचा आलाच नाही: मुलांच्या दातांच्या वाढीतल्या अडचणी

जास्वंद (कराड)

नमस्कार. मुलगा आता पावणेनऊ वर्षांचा आहे. गेल्या दीड वर्षात त्याच्या एका दातापायी आम्ही जे केलं आणि जे करायचं राहिलं, ते सगळं इथे लिहिते आहे. लहान मुलं असलेल्या प्रत्येक आईबाबांनी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

आठवं लागलं तेव्हा ऐन गणपतीत त्याचे वरचे पुढचे दोन्ही दुधाचे दात पंधरा दिवसांच्या अंतराने पडले. दोन्ही कौलावर टाकले. दिवाळीपर्यंत उजवीकडचा पक्का दात निम्मा खाली आला. डावीकडे नुसती हिरडी होती. सासूबाई म्हणाल्या, हिरडी निबर झाली असेल, गाजर-ऊस खायला दे. शेजारच्या काकू म्हणाल्या, मुलग्यांचे दात उशिराच येतात. मी एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आरशाने बघितलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "येईल, घाई नाही." एक्स-रे काढला नाही, मीही मागितला नाही. ही रुखरुख मला अजून आहे.

असं करत वर्ष गेलं. मग त्या रिकाम्या जागेच्या पलीकडचा, म्हणजे डावीकडचा दुसरा दात आला आणि हळूहळू रिकाम्या जागेत कलायला लागला. शाळेच्या फोटोत मुलगा ओठ मिटून उभा राहिला. घरी विचारलं तर म्हणाला, "तिथे दरवाजा आहे असं म्हणतात सगळे." त्या रात्री ठरवलं की आता 'येईल' ऐकून घ्यायचं नाही.

यावेळी लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेलो, ज्यांना पेडोडॉन्टिस्ट म्हणतात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "उजवा येऊन किती महिने झाले?" मी म्हटलं, चौदा-पंधरा. त्यांनी लगेच एक्स-रेची एक छोटी फिल्म काढली आणि उजेडावर धरून दाखवली. वरच्या दोन पुढच्या दातांच्या मधोमध, हाडात, खिळ्यासारखा एक टोकदार दात होता, तोही उलटा, टोक नाकाकडे. त्याच्या मागे, वर अडकून पडलेला आमचा खरा दात. या जादा दाताला मेसिओडेन्स म्हणतात. जादा दात म्हणजे ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त, आणि जादा दातांत हा सगळ्यात जास्त आढळणारा. मुलींपेक्षा मुलग्यांत साधारण दुप्पट.

मागच्या महिन्यात तो काढला. आधी गुंगीचं औषध, मग भुलीचं इंजेक्शन, टाळूच्या बाजूने हिरडी उघडून. चार टाके. दोन दिवस नाचणीची पेज, दहीभात, गार दूध. काढलेला दात त्यांनी बाटलीत घालून दिला. अगदी लवंगेएवढा. एवढ्याशा दाताने दीड वर्ष वाट अडवून धरली होती.

आता डॉक्टर म्हणतात की आधी पुढच्या दातांना तारा लावून कललेला दात बाजूला सरकवू, जागा मोकळी करू आणि काही महिने थांबू. दात आपणहून उतरला तर उत्तम, नाहीतर हिरडी उघडून त्याला साखळी लावून खाली ओढू. कुणी यातून गेलं आहे का? मुलाला किती त्रास होतो?

गोदाकाठ

साखळीचा अनुभव नाही, पण आम्ही याच्या उलट घाबरलो होतो. मुलगी सहा वर्षांची असताना खालच्या दुधाच्या दातांच्या मागून दोन पक्के दात उगवले. दातांच्या दोन ओळी बघून मला रात्री झोप लागली नाही. डॉक्टरांनी दुधाचे दात हलवून बघितले, हलत होते. म्हणाले, "खालचे पुढचे दात आतल्या बाजूनेच येतात. हिला रोज पेरू, काकडी चावून खायला सांगा." तीन आठवड्यांत दोन्ही पडले आणि जिभेच्या रेट्याने मागचे दात चार महिन्यांत पुढे आले. काहीच करावं लागलं नाही.

दाताची डॉक्टर (नागपूर)

जास्वंद, तुम्ही फार महत्त्वाचं लिहिलं आहे. मी लहान मुलांचेच दात बघते आणि असा एक तरी मुलगा दर दोन-तीन महिन्यांनी माझ्याकडे येतो. जवळजवळ सगळे उशिरा येतात. कारण एकच, "येईल" असं कुणीतरी सांगितलेलं असतं.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. साखळी लावणं छोटंसं काम आहे. भूल देऊन हिरडी उघडतात, दाताच्या पांढऱ्या भागावर एक बटण चिकटवतात, त्याला सोन्याचा मुलामा दिलेली बारीक साखळी असते आणि ती तारेला बांधतात. दोन-तीन दिवस ठणकतं, नेहमीच्या वेदनाशामकाने थांबतं. पुढे दर तीन-चार आठवड्यांनी साखळीची एखादी कडी कमी करत दात हलक्या ओढीने उतरवतात. जोर लावून घाई केली तर मुळाला इजा होते, म्हणून डॉक्टर सावकाश जात असतील तर त्यांना सावकाशच जाऊ द्या. बऱ्याच मुलांत जादा दात निघून जागा मोकळी झाली की अडकलेला दात आपला आपण येतो. त्याला सहा महिने लागतात, कधी वर्ष-दीड वर्षही. मूल जितकं लहान आणि दाताचं मूळ जितकं अपुरं, तितकी ही शक्यता जास्त.

आता बाकीच्यांसाठी. दात कोणत्या वयाला यायला हवा, हे लोक मला सारखं विचारतात. वय मी दुसऱ्या नंबरावर ठेवते. एखाद्या मुलाचा पहिला दात सहाव्या महिन्यात येतो, एखाद्याचा अकराव्या, आणि दोन्ही ठीक असतात. मी आधी डावी-उजवी जोडी बघते. शरीर दात जोडीने काढतं. एका बाजूचा दात येऊन सहा महिने झाले आणि त्याचा जोडीदार आला नाही, तर फिल्म काढायची. दुसरी खूण क्रमाची. वरच्या पुढच्या दोन दातांच्या आधी त्यांच्या शेजारचा दात आला, तरी फिल्म काढायची. तुमच्याकडे या दोन्ही खुणा दिसत होत्या.

गोदाकाठ यांच्या मुलीचं अगदी योग्य झालं. मागून दात आला आणि दुधाचा हलतोय, तर थांबा. दोन-तीन महिने झाले तरी दुधाचा घट्टच असेल, तर तो काढून घ्यावा लागतो.

दुधाचे दात घरी मोजा. अडीच-तीन वर्षांपर्यंत वर १० आणि खाली १० असे २० हवेत. दोन दात जोडलेले, मध्ये चीर असलेला एकच रुंद दात दिसला, तर जोडदात एक धरून मोजा आणि आकडा लिहून ठेवा. एक कमी भरला तर ते दोन दात एकमेकांत मिसळलेले असण्याची शक्यता मोठी, आणि अशा वेळी त्यांच्या जागी येणारा एखादा पक्का दात नसूही शकतो. सहाव्या वर्षी शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे चार नव्या दाढा येतात. त्या कुठल्याही दाताच्या जागी येत नाहीत, म्हणून घरी कुणाला पत्ता लागत नाही, आणि दुधाच्याच समजून किडू दिल्या जातात. या दाढा पक्क्या असतात, पुन्हा येत नाहीत.

एक्स-रेची भीती बाळगू नका. पूर्ण जबड्याचा ओपीजी काढला तर मुलाला साधारण दोन-तीन दिवसांत निसर्गातून मिळतात तेवढेच किरण मिळतात. छोट्या फिल्मला त्याहूनही कमी. उगाच काढू नये हे खरं, पण वर लिहिलेल्या खुणा दिसल्यावर न काढणं ही चूक आहे.

आणि हिरडी निबर झाली म्हणून सुई, नख, चांदीचं नाणं घासणं असलं काही करू नका. हिरडीमुळे दात अडतो तेव्हा दाताचा फुगवटा आणि पांढुरकेपणा वरून दिसतो. तो दिसत नसेल तर कारण आत हाडात आहे.

आजीची गोधडी

डॉक्टर, माझी एक जुनी जखम आहे. माझी धाकटी मुलगी जन्मली तीच खालचा एक दात घेऊन. गावात एकच कुजबुज, मामाला वाईट. माझा भाऊ तेव्हा बावीस वर्षांचा होता. आईने मला बारशापर्यंत भावाच्या समोर बाळ आणू दिलं नाही. सुईणीने दोऱ्याने दात ओढायचं ठरवलं होतं. भाऊच मध्ये पडला, म्हणाला, "माझं काय व्हायचं ते होऊ दे, बाळाला हात लावू नका." दात राहिला. दूध पाजताना मला बोचायचा, पण राहिला. भाऊ आज सत्तरीत आहे आणि भाचीच्या मुलांना शेतावर नेतो. हा दात नेमका कशाने येतो?

दाताची डॉक्टर (नागपूर)

आजी, तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा. त्यांनी बाळाचा जीवही वाचवला असेल. नवजात बाळात के जीवनसत्त्व कमी असतं, रक्त लवकर गोठत नाही. घरी दोऱ्याने दात ओढून रक्त न थांबलेली बाळं असतात. आता दवाखान्यात जन्मल्याबरोबर के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात, आणि ते दिल्याची खात्री करूनच आम्ही असा दात काढतो.

जन्मतः दात साधारण दोन-तीन हजार बाळांमागे एकाला असतो. बहुतेक वेळा तो जादा नसतो, नेहमीचा दुधाचाच दात हाडात फार वर तयार झाल्यामुळे लवकर बाहेर आलेला असतो. काढला तर त्या जागी दुसरा दुधाचा दात येत नाही. म्हणून घट्ट असेल तर ठेवायचा, टोकदार असेल तर घासून गोल करायचा. इतका हलत असेल की गळून श्वासनलिकेत जाईल, किंवा जिभेखाली घासून जखम झाली आणि बाळ दूध पिईना, तरच काढायचा. वरचे दात आधी आले तर मामाला वाईट, हेही मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. वरचे आधी येणं हा फक्त क्रमातला फरक आहे.

रानजाई (सोलापूर)

मी इथे कधी लिहीत नाही. आज जास्वंदताईंचं वाचून लिहिते.

माझ्या मुलाला अडीच वर्षांचा होईपर्यंत तीनच दात होते. वरचे दोन, तेही सुळ्यासारखे टोकदार. केस विरळ, भुरे. पण आम्हाला दाताची काळजीच नव्हती, काळजी होती तापाची. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. मार्च लागला की त्याला ताप. १०२, १०३. रक्त तपासा, लघवी तपासा, अँटिबायोटिक द्या. पंख्याखाली ओल्या फडक्याने पुसलं की उतरायचा, अंगणात गेला की चढायचा. तीन उन्हाळे असेच गेले. दोनदा ॲडमिट केलं. कुणाला काही सापडलं नाही.

दात येत नाहीत म्हणून शेवटी सरकारी दंत महाविद्यालयात नेलं. तिथे शिकणारी एक मुलगी होती, अगदी तरुण. तिने आधी तोंड बघितलं नाही, त्याचा तळहात हातात घेतला. मे महिना होता, माझ्या कपाळावरून घामाच्या धारा चालल्या होत्या. तिने विचारलं, "याला कधी घाम आलेला बघितलाय का?" मी उभ्या जागी विचार करायला लागले आणि मला एकही वेळ आठवली नाही. तीन वर्षांत एकदाही नाही. मी आई आहे, रोज न्हाऊ घालते, आणि माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

एक्टोडर्मल डिस्प्लेसिया असं नाव सांगितलं. घामाच्या ग्रंथी जवळजवळ नाहीतच, म्हणून अंग तापतं. तो आजाराचा ताप नव्हताच. आता तो घरातून बाहेर पडतो तेव्हा बनियन भिजवून घालतो, पाण्याची फवारणीची बाटली दप्तरात असते. बालवाडीच्या बाईंनी त्याची जागा खिडकीशी, पंख्याखाली केली. यंदाच्या उन्हाळ्यात एकदाही ॲडमिट करावं लागलं नाही.

डॉक्टर, त्याला पुढे दात येतील का? आणि मला दुसरं मूल झालं तर?

दाताची डॉक्टर (नागपूर)

रानजाई, स्वतःला दोष देऊ नका. ज्या बालरोगतज्ज्ञाने हा आजार आधी पाहिलेला नाही, त्यांच्याही लक्षात येत नाही. दात, केस, नखं, घामाच्या ग्रंथी हे सगळं गर्भातल्या एकाच बाहेरच्या थरातून घडतं, म्हणून ते एकदम बिघडतं. दातांची खुर्ची ही या मुलांसाठी बऱ्याचदा पहिली जागा असते जिथे कुणीतरी धागे जुळवतं.

पुढे किती पक्के दात आहेत ते ओपीजीवर कळेल. कमीच असतील याची तयारी ठेवा. पण थांबायचं नाही. तीन-चार वर्षांपासून या मुलांना छोटी कवळी बसवता येते. टोकदार दातांना दातांच्या रंगाचं मटेरियल लावून नेहमीचा आकार देता येतो. जबडा वाढतो तशी कवळी बदलावी लागते, म्हणजे दर काही वर्षांनी नवी. स्क्रूचे दात, इम्प्लांट, बहुतेक वेळा वाढ पूर्ण झाल्यावरच. कवळीने चावता येतं, बोलणं स्पष्ट होतं आणि ओठ आत गेलेला दिसत नाही. शाळेत जायच्या आधी बसवली तर मूल ती पटकन आपली मानतं.

दुसऱ्या मुलाबद्दल. या आजाराचा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार एक्स गुणसूत्रावरून येतो. आईत दोष असेल तर प्रत्येक मुलग्याला निम्मी शक्यता. मुलींमध्ये खुणा सौम्य असतात. तुमचा स्वतःचा एखादा दात जन्मापासून नाही किंवा बारीक आहे का, ते बघा. पण सगळेच प्रकार असे नसतात, म्हणून निर्णयाआधी जनुकीय समुपदेशन घ्या.

एक गोष्ट सांगते, ती वाचून मला स्वतःला फार वाटलं होतं. चार्ल्स डार्विनने पाळीव प्राणी आणि लागवडीच्या वनस्पतींवरच्या आपल्या पुस्तकाच्या १८७५ च्या आवृत्तीत सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची नोंद केली आहे. चार पिढ्यांत दहा पुरुष, मोजके बारीक दात, अंगावर केस फार थोडे, लवकर टक्कल, उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून हाल. आणि एकाही मुलीला हे नाही, पण मुलींच्या मुलग्यांना आहे. जनुक हा शब्दही तेव्हा नव्हता. त्या घरातल्या आयांनीही असेच उन्हाळे काढले असतील.

कापूसवाट (यवतमाळ)

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. आमच्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. वर्गात निम्म्या पोरांच्या दातांवर पांढरे-पिवळे पट्टे, काहींचे तपकिरी. त्यामुळे कुणाच्या दातावर डाग दिसला की आम्ही फ्लोराइडच म्हणून सोडून देतो. पण तिसरीतल्या एका मुलीच्या फक्त दोन दाढा आणि एक पुढचा दात पिवळा आहे, आणि गार पाणी प्यायली की ती कळवळते. खडूसारखी ढलपी निघाली दाढेची. हेही पाण्यामुळेच का?

दाताची डॉक्टर (नागपूर)

सर, तुम्ही नेमकं टिपलंत. फ्लोराइडचे पट्टे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखे, पसरट, कडा पुसट असलेले असतात. या मुलीचं एमआयएच दिसतंय, म्हणजे सहाव्या वर्षीच्या दाढा आणि पुढचे दात घडताना त्यांच्या एनॅमलमध्ये क्षार नीट बसलेले नाहीत. त्याचे डाग ठळक कडांचे असतात, एका दाढेवर खूप तर दुसऱ्या दाढेवर काहीच नाही, असे. हे दात दुखतात, म्हणून मूल त्या बाजूने ब्रश करत नाही, आणि दाढ वर्षभरात किडून बसते. तिला लवकर पाठवा. फ्लोराइडचं व्हार्निश, ढलपी निघालेल्या जागी सिमेंट, जास्तच ठिसूळ असेल तर स्टीलची कॅप. भुलीचं इंजेक्शन अशा दाढांवर कमी चालतं, म्हणून मूल "दुखतंय" म्हणालं तर ते नाटक करत नसतं. दाढ वाचण्यासारखी नसेल तर नवव्या-दहाव्या वर्षाच्या आसपास ती काढून मागच्या दाढेला पुढे येऊ देता येतं. उशीर झाला तर ती संधी जाते.

पाण्याबद्दल: भारतीय मानकात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. दातांवर डाग पडायचे ते साधारण आठव्या वर्षापर्यंत पडतात, म्हणून अंगणवाडीतल्या पोरांना आधी चांगलं पाणी मिळायला हवं.

सह्याद्रीवारा

मुलगी साडेदहा वर्षांची. वरचे सुळे अजून दुधाचेच आहेत. थांबू का?

दाताची डॉक्टर (नागपूर)

वरचे पक्के सुळे अकरा-बारा वर्षांना येतात, उशीर झालेला नाही. पण दुधाच्या सुळ्याच्या वर, ओठाच्या बाजूने हिरडीवर बोट फिरवा. दोन्हीकडे टेंगळासारखा फुगवटा लागायला हवा. एकीकडे लागतो आणि दुसरीकडे लागत नाही, तर फिल्म काढा. सुळा टाळूकडे वळला असेल तर या वयात नुसता दुधाचा सुळा काढूनही तो बऱ्याचदा रांगेवर येतो. १९८८ च्या एका स्वीडिश अभ्यासात अशा ४६ पैकी ३६ सुळे रांगेत आले होते. चौदाव्या वर्षी आलात तर साखळी आणि दोन वर्षं तारा.

जास्वंद (कराड)

दहा महिन्यांनी लिहिते आहे.

तारा लावून जागा मोकळी केली आणि सहा महिने थांबलो. दात थोडा खाली सरकला, पण आला नाही. मग साखळी लावली. डॉक्टरांनी वर लिहिलं होतं तसंच झालं, दोन दिवस ठणकलं आणि तिसऱ्या दिवशी तो सायकलवर होता. दर महिन्याला कराडहून कोल्हापूर, सकाळच्या एसटीने. एक कडी कमी करायला दहा मिनिटं.

धाकटीचे दात मी आता दर वाढदिवसाला मोजते. बोट फिरवून, मोठ्याने, तिच्याकडूनच. तिला वाटतं हा वाढदिवसाचाच एक भाग आहे. रानजाई, तुमच्या मुलाच्या कवळीचं काय झालं ते जरूर लिहा, रोज आठवण येते.

आणि आमचा दात आला. गेल्या गुरुवारी तो भाजलेलं कणीस खात होता आणि मध्येच थांबून म्हणाला, आई, काहीतरी लागतंय. खिडकीशी नेऊन ओठ वर केला. हिरडीतून पांढरी कड बाहेर आली होती. उजव्या दाताची कड दोन वर्षांत झिजून सपाट झाली आहे. याच्या कडेला करवतीसारखे तीन बारीक दाते आहेत, कोरे.

रानजाई (सोलापूर)

जास्वंदताई, कवळी बसली. खालची आणि वरची. पहिल्या आठवड्यात दोनदा फेकून दिली, एकदा कोंबड्यांच्या खुराड्यात सापडली. आता सकाळी उठल्यावर स्वतः वाटीतून काढून धुतो. काल काकडी मागितली, सोललेली नको म्हणाला.